कोपरापर्यंत हात घालणारे ग्रेडरकाका

व्हिडिओ गेम कसा आहे हे सांगताना जगातले समीक्षक दहापैकी साडेआठ, शंभरपैकी ब्याण्णव असले आकडे देतात. परतूरच्या दिगंबर शेळक्यांनी आकडा कधीच दिला नाही. गेम संपवून, आणि बहुतेक वेळा न संपवताच, ते रिमोट मांडीवर ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून एवढंच म्हणत, "पाणी मारलंय." किंवा, "कवडी." किंवा फार म्हणजे फारच क्वचित, "एक नंबर. गाडी काट्यावर घ्या." तो मोबाइल माझ्या हातात असायचा. 'गाडी काट्यावर घ्या' ऐकलं की मीच मागून 'वा!' म्हणायचो आणि व्हिडिओ बिघडायचा, इतका मला आनंद व्हायचा. जणू गेम मीच केला होता.

शेळके आमचे घरमालक. मी मूळचा घनसावंगीचा. परतूरला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला आलो तेव्हा कुणीतरी सांगितलं, स्टेशनाकडं ग्रेडरसाहेबांच्या वरची खोली रिकामी आहे. खोली बघायला गेलो तर साहेब टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसलेले. अंगात कडक इस्त्रीची सफारी, पायांत मोजे, हातात गेमचा रिमोट. पडद्यावर एक चिलखत घातलेला धिप्पाड माणूस एका घराच्या मागच्या भिंतीवर तलवारीने टकटक करत होता. समोर लढाई पेटलेली, माणसं मरत होती आणि हा गडी भिंत वाजवत होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, नाव विचारलं नाही. म्हणाले, काय दिसून राह्यलंय? मी म्हटलं, भिंत.

"बराबर. पुढून बंगला हाय, मागून नुसता पुठ्ठा. कवडी माल," ते म्हणाले आणि मग काकूंना हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

ग्रेडर म्हणजे काय, हे कापूस न पिकवणाऱ्यांना सांगावं लागेल. खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की तिच्यातला माल बघून त्याची प्रत ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. काकांनी सगळी नोकरी त्यातच काढली. त्यांची बघायची रीत सगळ्या तालुक्यात माहीत होती. गाडीतला वरचा कापूस ते बघतच नसत. वर कुणीही चांगलाच कापूस लावतो. ते बाही सारायचे आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून मधला कापूस ओढून काढायचे. मग तो मुठीत दाबायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, सरकी काढून दाताखाली धरायची. कडक फुटली तर माल कोरडा. चिकट लागली तर वजन वाढावं म्हणून कुणीतरी कापसावर पाणी मारलंय. एकदा त्यांनी प्रत सांगितली की संपलं, गाडी वजनाच्या काट्यावर जायची. पुढारी येवो, पाहुणा येवो, बोललेली प्रत बदलायची नाही, याचा त्यांना फार गर्व होता. तो त्यांनी लपवलाही नाही. 'आपल्यासारखा हात सगळ्या मराठवाड्यात न्हाई' हे वाक्य ते हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सहज बोलत.

अशा माणसाला निवृत्त करणं म्हणजे गावावर संकट. केंद्र सुटल्यावर त्यांचा हात शिवशिवायला लागला. किराणा दुकानात तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात. लग्नात आचाऱ्याच्या तांदळात हात. एका साखरपुड्यात त्यांनी पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा खालचा थर वर काढून बघितला, आणि खालचे पेढे खरंच जुने निघाले. साखरपुडा कसाबसा वाचला. तेव्हा मालनकाकूंनी पुण्याला लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाला काहीतरी काम लावून दे, न्हाईतर लोक आम्हाला बोलवायचं बंद करतील.

लेक ऋतुजा. एकुलती एक, बापासारखीच सरळ नाकाची आणि वाकड्या स्वभावाची. ती पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. दिवाळीला आली ती आपला जुना कन्सोल घेऊन आली, टीव्हीला जोडला, बापाच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाली, बाबा, ह्यात घाला हात.

पहिला महिना काकांचा नायक आभाळाकडं तोंड करून गोल गोल फिरत राहिला. चालायचं एका अंगठ्याने आणि बघायचं दुसऱ्या अंगठ्याने, हे काही जमेना. पण कापसाचा धागा ओढणारे अंगठे ते. एकदा जमलं तसं जमलं. आणि मग त्यांनी इथेही आपली रीत लावली. ऋतुजाला सगळे गेम अर्धवट सोडायची सवय होती. तिच्या नावावर डझनावारी गेम अर्ध्यावर सेव्ह करून पडलेले. काकांच्या दृष्टीने हे म्हणजे ढीग मधून उघडून दिल्यासारखंच झालं. सुरुवात ते बघतच नसत. वरचा कापूस कुणीही चांगला लावतो. ते थेट मधे उतरायचे, मारामारी सोडून घरांच्या मागं जायचे, भिंती वाजवायचे, नदीत उतरून पाय भिजतात का बघायचे आणि मग ऋतुजाला फोन करून प्रत सांगायचे. तिने एकदा ते फोनवरचं बोलणं ऑफिसात मोठ्या आवाजात लावलं. सगळं ऑफिस लोटपोट झालं, पण हसून झाल्यावर दोघेतिघे म्हणाले की म्हातारा बोलतोय ते खरं आहे. तिथून चॅनल निघालं. कॅमेरामन म्हणून वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आयता होताच. शनिवारची दुपार ठरली, आणि मी शनिवारी दुसरं काहीही करायचं सोडून दिलं.

त्या सगळ्या दुपारी मी कधी विसरणार नाही. काकांनी समीक्षेची एक नवी भाषाच तयार केली, म्हणजे तयारही केली नाही, बाजारातून तशीच उचलली. 'पाणी मारलंय' म्हणजे उगीच लांबवलाय. डाग पडलेला, न उमललेला कापूस म्हणजे कवडी, आणि गेममधलं अर्धवट सोडलेलं, बिघडलेलं काम म्हणजेही कवडीच. त्यांची सगळ्यात भारी शिवी म्हणजे 'फरदड'. कापसाच्या वेचण्या संपल्या तरी झाडं उपटायची नाहीत, पुन्हा पाणी द्यायचं आणि अजून चार बोंडं निघतात का बघायचं, ही फरदड. माल हलका आणि अळी फुकट. एका गाजलेल्या गेमचा चौथा भाग आला तेव्हा काका तो थोडा वेळ खेळले आणि कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाले की पहिल्या वेचणीला जे सोनं निघायचं ते निघालं, आता ही फरदड हाय, झाडं उपटा अन् वावर मोकळं करा. तो व्हिडिओ कुठे कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. नांदेडपासून नागपूरपर्यंत पोरं एकमेकांना 'झाडं उपटा' म्हणायला लागली.

गेमची इंग्रजी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ते स्वतःची ठेवत. बर्फातला, दाढीवाल्याचा, भुताच्या दवाखान्याचा. एकदा सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत होतं असा एक महागडा गेम आला. डोंगर, किल्ले, घोडे, सूर्यास्त. सूर्यास्त तर असा की काकूसुद्धा हातातलं काम ठेवून बघत उभ्या राहिल्या. काकांनी मधे हात घातला. तिथे नायकाला एका म्हातारीने गाठलं आणि तिची चिठ्ठी तीन डोंगरांपलीकडे तिच्या बहिणीला द्यायला सांगितली. बहिणीने उत्तर दिलं. ते परत आणलं. म्हातारीने आता गवती औषध मागितलं. काका शांतपणे सगळं करत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. शेवटी रिमोट मांडीवर आला.

"जग बुडून राह्यलंय म्हणते अन् ह्याला कामं कसली, तर टपाल वाटायची. पाणी मारलंय. लई पाणी मारलंय."

त्या रात्रीपासून आमच्या मोबाइलवर शिव्यांचा पाऊस. काका शेती करा, काका भजन करा, काकांना काय कळतं. काकांनी त्या सगळ्या मला मोठ्याने वाचायला लावल्या, चहा पीत ऐकल्या आणि प्रत्येकाला उत्तर लिहायला सांगितलं. उत्तराच्या शेवटी न चुकता 'आपला नम्र, दि. आ. शेळके, ग्रेडर'. एका फारच तापलेल्या पोराला त्यांनी लिहायला लावलं की बाळा, सूर्यास्त एक नंबर हाय, त्याबद्दल वाद न्हाई, पण मी वरचा कापूस बघत नसतो.

याउलट एक फाटका गेम होता, बस चालवायचा. दोघातिघांनी मिळून बनवलेला. प्रवाशांची तोंडं सगळी एकसारखी, झाडं कागदाची, आकाशाला एकच रंग. सगळ्या समीक्षकांनी त्याची टर उडवली होती. काका मात्र तो खेळत सुटले. घाटात गिअर बदलला की बस आधी दचकायची, थांब्यावर उशीर झाला की मागून घंटी जोरात वाजायची, आणि एक प्रवासी हात दाखवून थांबवायचा अन् बसमधे चढायचाच नाही. हे बघून काका खुर्चीतून उठले. मला म्हणाले, सर, ही बस मी ओळखतो, ही घनसावंगीची हाय. मग बसले आणि प्रत दिली. "धागा आखूड हाय, पण माल कोरडा. बिलकुल कोरडा. एक नंबर. गाडी काट्यावर घ्या." बस बनवणाऱ्या त्या पोरांनी कुठून कुठून आभार कळवले. त्यांचा गेम इतक्या गांभीर्याने आधी कुणी खेळलंच नव्हतं.

काकूंची एकुलती एक समीक्षाही याच खोलीतली. शेतीचा एक मोठा परदेशी गेम आला होता आणि त्यात कापूस होता. बातमी गल्लीत पसरली. शेजारपाजारचे येऊन बसले. काकांनी पेरलं, खत घातलं, पांढरंशुभ्र वावर उमललं आणि घराएवढं एक यंत्र आलं. एका फेरीत सगळा कापूस गिळून त्याने मागून गाठोडी टाकली. पुरुष मंडळी खूश. काकूंनी दारातून विचारलं, ह्यात बाया कुठंयत? कुणीतरी यंत्राकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "कापूस वेचायला एक बाई न्हाई. मंग गाणं कोण म्हणंल, भांडण कोण करंल? ह्यात कापूसच न्हाई, नुसतं पांढरं हाय." काका कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले की मॅडमनी जी प्रत लावली तीच धरावी. नोकरीत त्यांनी दुसऱ्याची प्रत कधी मान्य केली नव्हती. काकू मात्र 'मॅडम' ऐकून आठवडाभर हसत होत्या.

पण काकांच्या रीतीतच त्यांची खोट होती, आणि ती आष्टीच्या वाघमारे मॅडमनी दाखवली. एक लहानसा गेम होता. एका नदीकाठी एकटी राहणारी मुलगी, तिची होडी आणि माणसांना पलीकडे सोडायचं काम. काकांनी नेहमीसारखा मधे हात घातला. माणसं येतात, होडीत बसतात, दोन शब्द बोलतात, उतरतात. काकांना ना ती माणसं कोण ते कळेना, ना ते दोन शब्द. प्रत पडली, कवडी. पुढच्या आठवड्यात दुपारच्या उन्हात एक बाई दारात उभ्या. आष्टीला शाळेत शिकवतात, जीपने आलेल्या, डोक्यावरचा रुमाल अजून तसाच. म्हणाल्या, तुमचे सगळे व्हिडिओ बघते, हा बघून राहवलं न्हाई म्हणून आले. काकूंनी पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं, पण बसल्या नाहीत.

"सर, ढिगात हात घालायची तुमची रीत मला पटते. पण हा ढीग न्हाई. हे झाडावरचं बोंड हाय. तुम्ही ते उमलायच्या आधीच फोडून बघितलं, अन् आत कापूस न्हाई म्हणता."

काका तांबडे झाले. प्रत एकदा बोललो की बोललो, असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी नमस्कार केला आणि त्या परतीच्या जीपला गेल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत असं काकू म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो होडीचा गेम पहिल्यापासून लावला. अगदी पहिल्या चित्रापासून, जसा तो बनवणाऱ्याला दाखवायचा होता तसा. पुढचे दोनतीन दिवस मी कॉलेजातून येता-जाता बघायचो, तर काका होडीत. मधे भेटणारी ती माणसं म्हणजे त्या मुलीच्याच घरची निघाली, एकेक करून पलीकडे जाणारी. शेवटच्या दिवशी मी आलो तेव्हा पडदा काळा होता आणि काका चष्मा पुसत होते. शनिवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून, बसून नव्हे, सांगितलं की दिगंबर शेळक्याने आयुष्यात पहिल्यांदा प्रत बदलली आहे, होडीचा गेम एक नंबर आहे आणि चूक हाताची होती. मला इतका अभिमान वाटला की मी व्हिडिओ बंद करायचं विसरलो. त्यात पुढे पाच मिनिटं नुसती त्यांची पाठ दिसते. लोकांनी तीही बघितली.

एवढ्यात ऋतुजाने नोकरी सोडली. दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचा गेम करायला घेतला. तो कसला आहे, हे बापाला सांगायचं नाही असं तिने काकूंकडून वचन घेतलं. बरंच काम झाल्यावर फोन आला. गेम तयार आहे, पंधरवड्यात बाजारात येणार, पण त्याआधी बाबांनी प्रत लावायची. चॅनलवर. सगळ्यांसमोर.

काका दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. मला वाटलं आनंद. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तेव्हा त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. काका नोकरीत नवे असताना त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, आष्टीच्या वाटेवरच्या आपल्या गावाहून बैलगाडीत कापूस घेऊन केंद्रावर आले. रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर लेकाने बाही सारली, बापाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि सगळ्या शेतकऱ्यांसमोर सांगितलं, "ओला हाय. दोन नंबर." आबांनी बैलांचा कासरा ओढला. गाडी वळवली आणि आल्या वाटेने निघाले. मागे रांग होती, लेकाला जागा सोडता आली नाही. त्यानंतर आबा या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. आले तरी अंगणात बसायचे, पाणी प्यायचे आणि जायचे.

"माल ओलाच होता, सर," काकू म्हणाल्या. "प्रत बराबर होती. त्याचा ह्यांना पस्तावा न्हाई. गाडीसंगं चार पावलं गेलो न्हाई, ह्याचाच हाय. आता लेकीची गाडी आलीय दारात."

ऋतुजा शनिवारी सकाळी आली. मी मोबाइल लावला. काका न सांगताच गेम पहिल्यापासून सुरू करून बसले, आष्टीच्या बाईंचा धडा. पडद्यावर पहाट उजाडली. बैलगाड्यांची लांब रांग, एका गाडीवर फेटेवाला म्हातारा आणि त्याच्या शेजारी एक लहान मुलगी. आपण ती मुलगी. रांग पुढं सरकते, म्हातारा बैलांशी बोलतो, कुणीतरी मुलीला भुईमुगाच्या शेंगा देतं. मग नंबर येतो. पडद्याच्या बाजूने एक हात येतो, बाही सारलेला, आणि कापसात कोपरापर्यंत जातो. त्या माणसाचं तोंड दिसत नाही. म्हातारा गाडी वळवतो आणि मुलीला त्याला घरी न्यायचं असतं. एवढाच गेम.

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या. ऋतुजा बापाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. काकांनी गाडी हाकली. परतीच्या वाटेवर नाणी होती, ती वेचायची. पुढं चोर आले, त्यांना हुलकावणी द्यायची. एका गावात बैलांसाठी नाल शोधायचे, त्यासाठी लोहाराला कोळसा आणून द्यायचा. काका सगळं करत गेले. मला ती कपाळावरची शीर दिसली. अहो, सोडून द्या एकदा, असं मला ओरडावंसं वाटलं. काकूंना पण वाटलं असणार. कोळसा आणून झाल्यावर रिमोट मांडीवर आला. चष्मा कपाळावर गेला. ऋतुजा म्हणाली, सर, कॅमेरा बंद करू नका.

"रांग एक नंबर हाय," काका म्हणाले. "असली रांग मी बघितली न्हाई, अन् मी सगळी जिंदगी रांगच बघितली. पण वाटेत पाणी मारलंय, ऋतू. गाडी मागं घेऊन घरी चाललेला माणूस नाणी वेचत न्हाई. त्याला चोर बी दिसत न्हाईत. दोन नंबर."

ऋतुजाने बराच वेळ पडद्यावरच्या थांबलेल्या गाडीकडे बघितलं. गेम विकणाऱ्यांना तो लांब हवा होता, हे तिने नंतर काकूंना सांगितलं. तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "मग गाडी मागं घेते, बाबा." आणि बॅग उचलून दुपारच्या गाडीला निघाली. काका पायांत चपला घालून तिच्या मागं निघाले. ती नको म्हणाली. ते ऐकले नाहीत. स्टेशनपर्यंत दोघं एकमेकांशी न बोलता चालत गेली, आणि गाडी सुटून बराच वेळ झाला तरी काका फलाटावर उभे होते, असं तिथल्या चहावाल्याने मला सांगितलं.

पुढचे कित्येक महिने तिचा फोन काकूंच्या मोबाइलवरच यायचा. काका जवळ बसून ऐकायचे आणि फोन कधी त्यांच्या हातात यायचा नाही. शनिवारच्या दुपारी चालू होत्या. ते प्रती देत होते, लोक हसत होते, शिव्या देत होते, पण रिमोट मांडीवर ठेवल्यावर त्यांची नजर आधी टीव्हीवर आणि मग टेबलावरच्या फोनवर जायची. गेमची जाहीर झालेली तारीख उलटून गेली. नवी तारीख काही आली नाही. एवढ्यात माझी घनसावंगीला बदली झाली.

निघायच्या सकाळी टेम्पोत माझं सामान चढत होतं. काकूंनी खाली येऊन हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि हळूच म्हणाल्या, आत बघा. काल संध्याकाळी पोरीनं गेम धाडलाय, संगं एका ओळीचा संदेश. बाबा, पाणी काढलं.

मी दारातून डोकावलो. मोबाइल लावलेला नव्हता, बाही सारलेली नव्हती. पडद्यावर उन्हं कलली होती आणि परतीची वाट होती. नाणी नाहीत, चोर नाहीत, लोहार नाही. दोन्ही बाजूंना कापसाचं वावर, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या आणि गाडीवर पाठमोरा म्हातारा. मुलीला गाडीवर चढून बसायची सोय होती, तसं बटण खाली दिसत होतं. काका ते दाबत नव्हते. ते गाडीच्या चाकाला लागून पायी चालत होते. भिंती वाजवत नव्हते, कुठल्या घरामागं जात नव्हते. बैल जेवढे चालत तेवढंच ते चालत होते.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, काका, निघतो.

त्यांनी नजर न काढता एक हात वर केला.

"थांबा सर," ते म्हणाले. "आबांना घरी सोडतो अन् येतो."